दिल्ली ते टोरंटो, आणि घरातला केर

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. कधीच नव्हते. झाशीत दतिया गेटपाशी आमचं घर. कुणाच्या पिंपळावर काय बसलंय आणि कुणाच्या सुनेच्या अंगात काय येतंय, हे गल्लीत रोज कानावर येतं, आणि मी रोज सांगते — बाई, तिला आधी डॉक्टरकडे न्या. तुमच्या या पानावरचे अनुभवसुद्धा मी मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचते आणि खरं सांगू? निम्म्यांवर हसलेली आहे. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. आज सकाळीच वही घेऊन बसले आहे त्याला कारण आहे, ते मागाहून सांगते.

आमचे पूर्वज पेशवाईत इकडे आले ते इथलेच होऊन गेले. तेव्हा माझ्या मराठीत मध्येच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या. शाळा माझी आठवीपर्यंत. बाकी जे काय येतं ते वाचून वाचून आलेलं. हे — म्हणजे आमच्या घरचे — रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गेला त्यांचा.

सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती. घरचं माणूस लांब निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही. झाडलं तर त्याची वाट पुसली जाते म्हणे. हे ड्युटीवर गेले की मी केरसुणीला हात लावत नसे. तिकडे पोचल्याचा निरोप आला की मगच. माझा विश्वास होता असं नाही हं… पण दात घासतो तसं ते झालं होतं. हे हसायचे. पण गंमत अशी की, "काढ गं केर, काही होत नाही" असं एकदाही म्हणाले नाहीत. उलट म्हणायचे, "तुझ्या सासूचा नियम रेल्वेचाच आहे. गाडी पुढच्या स्टेशनात पोचल्याशिवाय मागून दुसरी सोडत नाहीत. आणि इंजिन दिसलं म्हणजे पोचली असं नव्हे. शेवटचा डबा डोळ्यांनी पाहायचा, तेव्हा लाइन क्लिअर."

आमची एकुलती एक लेक रेवती. आठ वर्षं झाली, टोरंटोला असते. आधी ती जायची तेव्हा तास मोजायचं काम ह्यांचं. घड्याळ बघायचे, बोटांवर काहीतरी करायचे आणि सांगायचे, "आता काढ केर. पोचली." मी कधी विचारलंच नाही की कसं काढता हे गणित. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

हे गेले, आणि त्यानंतर गेल्या मे महिन्यात रेवती पहिल्यांदाच येऊन परत निघाली. माझा पुतण्या श्रीकांत, बँकेत आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याने तिकिटाचा कागद छापून आणून दिला होता. तो मी देवघराजवळ खिळ्याला अडकवला. दिल्लीहून सुटणार रात्री पावणेतीनला. टोरंटोला पोचणार सकाळी सात पंचावन्नला. दोन्हीकडे तारीख तीच. मी वाचलं — पाच तास दहा मिनिटं.

आता तुम्ही शिकलेली मंडळी हसाल. पण अहो, मी टाइमटेबल वाचायला शिकले ते रेल्वेचं! तिथे जम्मूपासून कन्याकुमारीपर्यंत एकच घड्याळ चालतं. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, वजाबाकी केली की झालं. तिकडचं घड्याळ वेगळं हे मला ठाऊक होतं की! रोज रात्री बोलताना ती "आई, माझी आत्ता सकाळ आहे" म्हणते. पण कागद हातात आला आणि डोकं रुळावरून चालायला लागलं.

निघताना तिच्या हातावर दही घातलं. विचारलं, "किती लांब गं हे तुझं टोरंटो?"

"दिल्लीपासून साडेअकरा हजार किलोमीटर, आई."

"बापरे. आणि वेळ?"

ती बॅगेच्या चेनशी झटापट करत होती. म्हणाली, "मी झोपून जाते गं, कळतच नाही. आणि तू आता केर नाही काढणार ना? बाबा नाहीत तरी?"

"नाही काढणार."

"धन्य आहेस," म्हणाली आणि हसत हसत रिक्षात बसली.

झाशी-दिल्ली चारशे किलोमीटर. म्हणजे तसे एकोणतीस फेरे, आणि पाच तासांत! विमान ते विमान, असं मी मनात म्हटलं. एवढा मोठा आकडा समोर होता, तरी त्याला पाचाने भागून बघायचं काही सुचलं नाही मला. त्याचं अजून वाईट वाटतं.

दुपारच्या गाडीने ती दिल्लीला गेली. रात्री दोनच्या सुमारास मेसेज आला, "विमानात बसले." आणि पहाटे आमच्याकडे आंधी आली. मे महिन्यातली झाशीची आंधी ज्याने पाहिली असेल त्याला सांगायला नको. दारं-खिडक्या लावल्या तरी सकाळी घरभर पिवळी माती. पायाखाली कचकच, देवांवर माती, दुधाच्या झाकणावर माती.

साडेसातला रामकली आली. वीस वर्षं आमच्याकडे काम करतेय. इथल्याच एरच गावाकडची, बोलणं अगदी ठेठ बुंदेली. दारातच कमरेवर हात.

"अम्मा जी, जौ घर है के खेत?"

"आज झाड़ू नहीं। बिटिया पहुँच जाए, तब।"

"तौ हम का करें? बैठ कें माटी गिनें?"

"बर्तन मांजो पहले।"

तोंड वाकडं करून ती मागच्या नळावर गेली. मी कागदाशी उभी राहून घड्याळ बघत होते. सात पंचावन्न झाले, आठ वाजले, आठ पाच… विमानातून उतरायला वेळ लागतोच, असं स्वतःला समजावत होते. आणि आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

बैठकीत कोपऱ्यात स्टूल आहे, त्यावर आमचा जुना काळा फोन. मी लगबगीने गेले, उचलला.

"आई, पोचले."

रेवतीच. आवाज इतका स्वच्छ की शेजारच्या खोलीतून बोलतेय असं वाटावं. मागे विमानतळाचा कसला गलबला नाही, काही नाही.

"सुखरूप ना गं?"

"हो. पोचले. केर काढून घे."

"अगं, काही खाल्लंस का?"

फोन बंद झाला. मी देवाला नमस्कार केला, डोळे पुसले आणि रामकलीला हाक मारली, "आ जाओ, बिटिया पहुँच गई!" ती बिचारी खुशीत, "चलौ, बिन्नू पौंच गईं, बड़ौ अच्छौ भओ," म्हणत आतल्या खोलीपासून झाडत उंबऱ्यापर्यंत आली. दोन सुपल्या भरून माती निघाली. तिने ती दाराबाहेरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. फरशी लखलखीत झाली. मी चहा टाकला. तिलाही दिला.

साडेनऊला श्रीकांत आला. बँकेत जाता जाता घरची भाजी द्यायला थांबला होता. मी म्हटलं, "पोचली रे रेवती."

"कुठे पोचली?"

"टोरंटोला. आठ दहाला फोन आला."

तो पिशवी ठेवता ठेवता थांबला. "काकू, क्या बात करती हो! तिला अजून आठ तास आहेत." मोबाइल काढून त्याने नकाशा दाखवला. पांढऱ्या-निळ्या पसाऱ्यावर एवढंसं पिवळं विमान. खाली लिहिलेलं त्याने वाचून दाखवलं. सात तास पन्नास मिनिटं बाकी. सहा हजारांवर किलोमीटर बाकी. "चौदा तास चाळीस मिनिटांची फ्लाइट आहे काकू. सात पंचावन्न म्हणजे तिकडचे. आपले संध्याकाळचे पाच पंचवीस."

"अरे पण तिचा फोन आला ना!"

"कशावर?"

मी बोट दाखवलं. दाखवलं… आणि हात तसाच राहिला.

तो फोन त्याच्या दीड वर्ष आधीच बंद झालेला होता. हे गेल्यावर श्रीकांतनेच अर्ज देऊन कनेक्शन काढलं. ह्यांची वस्तू म्हणून फोनचा डबा तेवढा मी ठेवला, वर क्रोशाचा रुमाल. सारा जन्म वाजला की उचलायची सवय, म्हणून मी उचलला. उचलताना तो बंद आहे हे क्षणभरही मनात आलं नाही. श्रीकांतने खाली वाकून वायर ओढली. रंगारी आले होते तेव्हा त्यांनी तिची गाठ मारून ठेवली होती. तशीच होती. टोक मोकळं. त्याने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. काही नाही. खरखरसुद्धा नाही.

"स्वप्न पडलं असेल काकू," तो हळूच म्हणाला. "रात्रभर जागी होतीस ना?"

रामकलीला विचारलं तर ती म्हणाली, नळ चालू होता, काही ऐकलं नाही.

मंडळी, त्या घटकेला मला कसली भीती वाटली ते नीट सांगते. फोन कुणी केला, ही भीती नंतरची. पहिली भीती ही की माझी पोर अजून आभाळात आहे आणि मी घर झाडून बसले आहे. विश्वास नाही, विश्वास नाही म्हणणारी मी… त्या लखलखीत फरशीकडे बघत राहिले. शेवटचा डबा न पाहता मी लाइन क्लिअर दिली होती. आणि द्यायला मला कुणीतरी सांगितलं होतं. "केर काढून घे." रेवती असं कधी म्हणेल? जिला माझं हे वेड म्हणजे थट्टेचा विषय, ती साडेअकरा हजार किलोमीटरवर उतरल्या उतरल्या केराची चौकशी करेल? हे मला आठ दहालाच का नाही कळलं?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं.

सत्तरी ओलांडलेली बाई मी, गुडघे दुखतात, पण अशी धावले म्हणून सांगू! गाडीवाला आमची बादली उचलतच होता. मी कडी धरली.

"भैया, रहने दो! मत ले जाओ!"

"अरे माताजी, कचरा ही तो है!"

"हमारा है। छोड़ो।"

त्याने सोडली. गल्लीतल्या बायका बघत होत्या. मी बादली घरात ओढली आणि भाजीची देठं बाजूला करून त्या मातीची पहिली मूठ आतल्या खोलीत टाकली. घड्याळाकडे पाहिलं. ह्यांची सवय, काही झालं की आधी वेळ बघायची. दहाला पाच कमी होते.

"अम्मा जी, बावरी हो गईं का?" रामकली ओरडली. "अबईं तौ झारो है!"

श्रीकांत म्हणाला, "काकू, प्लीज. बस, पाणी पी."

मी कुणाचं ऐकलं नाही. माती टाकत गेले. आतली खोली, स्वयंपाकघर, बैठक, पार उंबऱ्यापर्यंत. शेवटी रामकलीलाच काय वाटलं कोण जाणे, ती माझ्या शेजारी बसली आणि दुसऱ्या बाजूने पसरायला लागली. श्रीकांत बँकेत गेला नाही.

मग पाच पंचवीसपर्यंत आम्ही तिघं त्या मातीत बसून होतो. बाहेर उन्हाळ्याचा तापलेला वारा, लू, खिडक्या बंद, कूलर लावला नाही, कारण माती उडेल. मध्ये दोन वेळा नकाशावरचं विमान दिसेनासं झालं. श्रीकांत म्हणाला, तिकडे सिग्नल नसतो, असं होतं. असेल. पण तेव्हा तोही नकाशा पुन्हा पुन्हा उघडून बघत होता, मी पाहिलं.

पाच पंचवीसला विमान उतरलं. सहाला दहा कमी असताना मेसेज आला, "पोचले आई." मी श्रीकांतला म्हटलं, नाही, चेहरा दाखव. व्हिडिओवर ती आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. मी म्हटलं, "पूर्ण दिस. पायापर्यंत." ती थट्टा करेल असं वाटलं होतं. केली नाही. मुकाट्याने मोबाइल खाली फिरवून पाय दाखवले. मग दिवेलागणीच्या आत रामकलीने केर काढला.

तिकडे काय झालं ते रेवतीने तब्बल महिन्याने सांगितलं. आधी मी माझी गोष्ट सांगितली. मग ती बोलली.

विमानात तिला गाढ झोप लागली होती. दिवे मालवलेले. कुणीतरी खांद्याला हात लावून उठवलं. "रेवा, पोचलो. चल, उतर." तिला रेवा फक्त बाबा म्हणायचे. आवाजही बाबांचा. ती म्हणते, "आई, मला जराही आश्चर्य वाटलं नाही गं. लहानपणी नाही का रात्रीच्या गाडीत ते मला उठवायचे? तशीच उठले." बॅग खांद्याला लावली, अनवाणीच चालायला लागली. सगळे झोपलेले. पुढे दाराशी गेली. दाराच्या दांड्यावर हात ठेवला.

"आणि मग पायाखाली कचकच लागली," ती म्हणाली.

"कसली?"

"मातीची. आपल्या घरातली, आंधीनंतरची असते ना, तशी. मला वाटलं, अरेच्चा, आईने अजून केर काढलेला नाही. आणि मग एकदम डोक्यात आलं… केर काढला नाही, म्हणजे मी पोचलेली नाही."

तिथे ती जागी झाली. विमानातल्या बाईने धावत येऊन तिचा हात धरला होता. जागेवर आणून बसवलं, पाणी दिलं. समोरच्या पडद्यावर आकडा होता. पोचायला सात तास तीस मिनिटं. तिचे तळपाय मातीने पिवळे झाले होते. ओल्या कागदाने पुसले, म्हणाली.

तो आकडा ऐकल्यावर मी ह्यांच्यासारखं बोटांवर मोजलं. पाच पंचवीसातून साडेसात तास वजा. दहाला पाच कमी.

श्रीकांत म्हणतो, काकू, झोपेत चालतात लोक, आणि तो दरवाजा हवेत उघडतच नाही, दाब असतो. असेल बाबा. पण तिला जिथे उतरवायचं होतं, तिथे जायला तो दरवाजा उघडावा लागतो का, हे त्याला काय ठाऊक?

आणि एक सांगते. ते हे नव्हते. माझ्याशी जी बोलली ती रेवती नव्हती, आणि तिच्याशी जे बोलले ते तिचे बाबा नव्हते. ज्या माणसाने आयुष्यात शेवटचा डबा पाहिल्याशिवाय हिरवा दिवा दाखवला नाही, तो लेकीला मध्येच उतर म्हणणार नाही. मग कोण? आमचे आवाज त्याला कसे ठाऊक? मला ठाऊक नाही. वर्षभर विचार केला, कुणाला विचारायचं तेही कळलं नाही. काळा फोन मी दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिला.

आता आज लिहायला का बसले ते. रेवती यंदाही आली होती. काल दुपारी गेली. तीच फ्लाइट, तीच पावणेतीनची. या वेळी दही हातावर घेताना हसली नाही. म्हणाली, "आई, केर नको हं काढूस." मी कागदावर मोठ्या आकड्यांत पाच पंचवीस लिहून ठेवलं आहे.

रामकली सकाळीच आली. आज आपणहून म्हणाली, आज झाड़ू नईं. दोघी बैठकीत बसलो होतो, नळ बंद. आठ वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली. कोपऱ्यातून. स्टूल रिकामं आहे, त्यावर नुसता क्रोशाचा रुमाल. मी हलले नाही. रामकलीचा चेहरा पांढरा पडला होता.

"अम्मा जी, जौ फोन…"

"नहीं उठाना।"

बारा वेळा वाजली. मी मोजल्या. मग थांबली.

आता नऊ वाजत आलेत. साडेआठ तास आहेत अजून. कालपासून न झाडलेली माती पायाखाली आहे, मधून मधून पाय घासून बघते. रामकली केरसुणी मांडीखाली दाबून उंबऱ्यात बसली आहे. मघाशी पुन्हा घंटी सुरू झाली तेव्हा मी पेन खाली ठेवलं, तर कोपऱ्याकडे बोट करून मला दटावून म्हणाली, "तुम उतै नईं देखौ। तुम लिखत रओ।"

म्हणून लिहितेय.